संयुक्त निवेदनावर सही करावी का?

पत्राचा सारांश: "आमचा ऑटिस्टिक (मराठीत ज्यांना 'स्वमग्न' म्हटले जाते अशा) प्रौढांचा सतरा जणांचा गट आहे. त्यात दोन पालकही सभासद आहेत आणि चिटणीसपद माझ्याकडे आहे. 'वागणूक सुधारण्याच्या' नावाखाली होणाऱ्या सक्तीच्या उपचारांविरुद्ध संयुक्त निवेदन काढावे, असा प्रस्ताव आमच्याकडे आला आहे. समलिंगी व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींची एक संघटना, बौद्धिक अक्षमता असलेल्यांची एक संघटना आणि मनोरुग्णालयातील सक्ती भोगलेल्यांचा एक गट त्यावर सही करणार आहे. यावरून आमच्या बैठकीत तीन तट पडले. एक सभासद म्हणाला, 'आपण अपंग नाही, वेगळे आहोत. या रांगेत बसलो तर मिळवलेली पत जाईल.' न बोलणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचे वडील म्हणाले, 'माझ्या मुलाचे अजून कुणी ऐकलेले नाही आणि तुम्ही दुसऱ्यांचे झेंडे उचलायला निघालात.' आमची एक पारलिंगी सभासद हळूच म्हणाली, 'म्हणजे मी निम्मी बाहेर ठेवून आत यायचे का?' त्यानंतर वडील उठून गेले आणि बैठक तिथेच संपली. मला मोघम उपदेश नको. सही करावी की नाही, आणि करायची तर कोणत्या अटींवर, ते सांगा. त्या वडिलांना मी फोन करावा का, हेही सांगा."

सप्रेम नमस्कार.

आपण मोघम उत्तर नको म्हटले आहे, म्हणून आधी उत्तर देते: सही करावी. मात्र ती या एका निवेदनापुरती आणि या एका मागणीपुरती असावी, आणि त्यातील आपल्याविषयीचा मजकूर आपल्याच गटाने लिहिलेला असावा. 'सर्व वंचितांची एकजूट' अशा एखाद्या व्यापक नावाखाली कायमची आघाडी करण्याचा प्रस्ताव असता, तर सतरा जणांच्या गटाला मी थांबायलाच सांगितले असते. हा फरक मी का करते ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण आपल्या बैठकीत उमटलेले तिन्ही आवाज ऑटिस्टिक हक्कांच्या चळवळीत पहिल्यापासून आहेत, आणि त्यांतला एकही पोकळ नाही.

मुळात ही चळवळ उभी राहिली तीच शेजाऱ्यांकडून शब्द उसने घेऊन. १९९२ साली अमेरिकेतील ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी टोरांटो येथील परिषदेत सिंक्लेअर यांनी जमलेल्या पालकांना सांगितले की तुम्ही ज्याचा शोक करता ते मूल तुमच्या मनातले आहे, ते कधी जन्मलेच नाही. आम्ही मात्र इथे आहोत, तेव्हा आमच्यासाठी शोक करू नका. हे म्हणण्याचे बळ काही एका दिवसात आलेले नव्हते. आम्ही अपुरे ऐकणारे नसून वेगळ्या भाषेचे लोक आहोत, हा विचार कर्णबधिरांनी आधीच रुजवलेला होता. अडचण शरीरात कमी आणि जिन्यांत, नियमांत व लोकांच्या नजरेत जास्त आहे, ही मांडणी ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ साली लिहून काढली होती आणि १९८३ साली तिथलेच अपंग अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी तिला 'सामाजिक प्रारूप' हे नाव दिले होते. 'आमच्याविना आमच्याविषयी काहीही नाही' ही घोषणाही अपंग हक्क चळवळीची. १८ जून २००५ रोजी पहिला ऑटिस्टिक अभिमान दिन पाळला गेला, तो समलिंगी चळवळीच्या अभिमान दिनाकडे पाहूनच. आपल्या बैठकीत टाळ्या न वाजवता हात वर करून हलवण्याची पद्धत असेल, तर तीही कर्णबधिरांचीच आहे: दाद डोळ्यांना दिसावी म्हणून त्यांनी ती काढली, आणि कानठळ्या बसू नयेत म्हणून आम्ही ती घेतली. (मी स्वतः ऑटिस्टिक आहे. 'स्वमग्न' हा शब्द मी टाळते, कारण आवाज, उजेड आणि माणसे नको तितकी आत शिरतात हीच ज्यांची रोजची तक्रार, त्यांना स्वतःत मग्न म्हणणे मला पटत नाही.)

तेव्हा दुसऱ्या चळवळींशी संबंध ठेवायचाच नाही, ही भूमिका आजच्या घडीला कुणालाही घेता येण्यासारखी नाही. तो संबंध आपल्या रोजच्या शब्दांत मुरलेला आहे. भांडण होते ते वेगळ्या ठिकाणी. उसना घेतलेला विचार, दोन दुःखांची केलेली तुलना आणि एका कामासाठी दिलेली सोबत या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक बैठकांत त्यांची सरमिसळ होते. विचार घेतला की तुलना आपोआप खरी ठरत नाही, आणि सोबत करण्यासाठी तुलना खरी असावी लागतेच असे नाही. आमचे दुःख अगदी तुमच्यासारखेच आहे असे म्हणून जी दोस्ती सुरू होते, ती पहिला फरक दिसताच तुटते, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांचे दुःख तुलनेसाठी वापरले जाते, त्यांना ते लुबाडल्यासारखे वाटते, आणि त्यांचे वाटणे रास्तच असते.

आता आपल्यासमोरच्या निवेदनाचा विषय घेऊ, कारण इथे तुलनेची गरजच पडत नाही. १९८७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकोणीस लहान ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला चाळीस तास वर्तन घडवण्याचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांपैकी नऊ मुले 'सामान्य' झाली, असा दावा होता. पुढे कित्येक वर्षे पालकांना जी आशा दाखवली गेली ती याच आकड्याच्या जोरावर. पण लोवास यांचे नाव त्याच्या तेरा वर्षे आधीच्या, १९७४ च्या एका निबंधावरही आहे, आणि तिथे त्यांचे सहलेखक होते जॉर्ज रेकर्स. त्या निबंधातला मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता. तो मुलींसारखा खेळतो, मुलींसारखे हावभाव करतो, एवढीच त्याच्याविषयीची तक्रार. घरात त्याच्यासाठी दोन रंगांच्या चकत्या ठेवल्या होत्या. मुलाला शोभेल असे वागला की निळी चकती मिळे आणि तिच्यावर काहीतरी आवडीचे मिळे. मुलीला शोभेल असे वागला की लाल चकती, आणि लाल चकत्यांचा हिशेब वडिलांच्या हातच्या मारापर्यंत जाई. ज्या नियतकालिकाने हा निबंध छापला होता, त्याने त्याविषयी चिंता व्यक्त करणारे संपादकीय टिपण काढले ते २०२० साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी.

ती लाल चकती डोळ्यांसमोर ठेवून आपले निवेदन पुन्हा वाचा. हात फडफडवणारे ऑटिस्टिक मूल आणि बाहुली उचलणारे मूल यांना 'दुरुस्त' करण्याची रीत एकाच माणसाच्या हाताखाली, एकाच शास्त्राच्या भाषेत आणि एकाच हेतूने घडली: इतरांना खटकणारे वागणे पुसून टाकायचे, मग त्या मुलाला आतून काय वाटते याची नोंद कुठल्याच रकान्यात नसली तरी चालेल. समलिंगी व पारलिंगी संघटना या निवेदनावर आपल्या शेजारी बसली, तर ते कुणी कुणाचा झेंडा उचलणे होणार नाही. तक्रारच मुळात एक आहे, आणि ती दोघांनी मिळून मांडायला उलट उशीर झाला आहे.

मात्र हीच जोडी दोन पावले पुढे नेली की ती डळमळू लागते, आणि हे आपल्या गटाने आधीच जाणून असावे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली, आणि त्या माणसांच्या दृष्टीने ती निखळ सुटका होती, कारण त्यांना डॉक्टरांकडून काही नकोच होते. ऑटिझमही तसाच यादीतून काढावा, असे आपल्यातले काही जण उत्साहाने म्हणतात. पण ज्याला बोलण्यासाठी उपकरण लागते, ज्याला दिवसभर सोबतीला माणूस लागतो, ज्याला परीक्षेत जादा वेळ लागतो, त्याला हे सगळे निदानाच्या कागदावर मिळते. तो कागद गेला की मदतही जाते. म्हणूनच २०१३ साली निदानाच्या निकषांची नवी आवृत्ती आली तेव्हा 'ऑटिस्टिक सेल्फ अॅडव्होकसी नेटवर्क' या २००६ साली सुरू झालेल्या संघटनेने निदान रद्द करा असे म्हटले नाही, तर निदानाचे दार कुणासाठी बंद होऊ नये यासाठी धडपड केली. समलिंगी चळवळीशी आपली सोबत सक्तीच्या विरोधात आहे. निदानाच्या प्रश्नावर आपले रस्ते वेगळे आहेत, आणि निवेदनात त्या प्रश्नाला हात न लावणे शहाणपणाचे ठरेल.

मनोरुग्णालयातील सक्ती भोगलेल्यांच्या गटाबाबत हा फरक आणखी ठळक आहे. त्यांच्यातील अनेकांना निदानानेच बेड्या घातल्या. तो शब्द एकदा कपाळी बसला आणि त्यानंतर त्यांच्या कुठल्याही तक्रारीला 'आजाराचे लक्षण' म्हटले गेले. उलट आपल्यातील अनेकांना चाळिशीत निदान मिळाले आणि त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मोकळा श्वास घेता आला. एकाला जे दार बाहेरून कडी लावणारे वाटले, ते दुसऱ्याला उघडणारे वाटले. दोन्ही अनुभव खरे आहेत. अशा दोघांना मिळून 'निदान चांगले की वाईट' यावर निवेदन लिहायला बसवले तर भिजत घोंगडे पडेल, पण 'संमतीवाचून आमच्या अंगाला हात लावू नका' हे वाक्य दोघेही एका दमात लिहू शकतील. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, जो १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला, पंधरावे कलम छळाविरुद्ध आहे आणि सतरावे शरीर व मन अबाधित राहण्याच्या हक्काविषयी आहे. निवेदनाची मागणी या दोन कलमांवर बेतली, तर चौघांनाही पाय रोवायला तीच जमीन मिळेल.

'आपण अपंग नाही' म्हणणाऱ्या आपल्या सभासदाविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्याशी मी सहमत नाही, आणि तरी त्याच्या बोलण्यामागची जखम मला ओळखीची आहे. ज्याला लहानपणापासून 'मंद' म्हणून हिणवले, त्याने मोठेपणी 'मी तसला नाही' असे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. पण त्या वाक्यात 'तसला' कोणीतरी शिल्लक राहतो. हक्कांसाठी लढलेल्या अनेक गटांनी हेच केले आहे: आम्ही दुबळे नाही, आम्ही वेडे नाही, म्हणून आम्हाला हक्क द्या. त्यातून जो दुबळा आहे किंवा ज्याला वेडा ठरवले आहे त्याच्याकडून हक्क काढून घेतले तर चालतील, हे त्यांनी नकळत मान्य केले. ऑटिझम म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे, हे विधान खरे आहे. पण ते पुन्हा पुन्हा आणि मोठ्याने सांगताना आपल्याच चळवळीतील, दोन्ही असलेली माणसे मागच्या बाकावर ढकलली गेली. ऑटिस्टिक लेखक मेल बॅग्ज यांनी, जे बोलण्यासाठी टंकलेखन करणारे यंत्र वापरत आणि ज्यांचे २०२० साली निधन झाले, ही गोष्ट वर्षानुवर्षे बजावून सांगितली: हुशारीच्या जोरावर मागितलेली प्रतिष्ठा ही प्रतिष्ठा नव्हे, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची चळवळ ही आपली पाहुणी नसून वडीलधारी आहे.

वडीलधारी हा शब्द मी जपून वापरते आहे. १९७४ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांनी स्वतःची परिषद भरवली आणि 'पीपल फर्स्ट' हे नाव घेतले, कारण आम्ही आधी माणसे आहोत, असे त्यांना सांगायचे होते. आपल्या चळवळीच्या आधी तब्बल अठरा वर्षे त्यांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःविषयी बोलण्याचा पायंडा पाडला. गंमत म्हणा किंवा खेद म्हणा, याच नावावरून पुढे दोन शेजाऱ्यांत शब्दांचा तंटा झाला. त्यांना 'अमुक असलेली व्यक्ती' असे म्हणवून घ्यायचे असते, कारण त्यांना आयुष्यभर फक्त त्या अमुकाच्या नावानेच हाक मारली गेली. आपल्यापैकी पुष्कळांना 'ऑटिझम असलेली व्यक्ती' नको असते, 'ऑटिस्टिक व्यक्ती' हवे असते, कारण ऑटिझम ही खांद्यावरची झोळी नाही की ती उतरवून ठेवावी. हा वाद मिटवायला जाऊ नका. निवेदनात प्रत्येक गटाचा उल्लेख तो गट स्वतःला जसा म्हणवतो तसाच करा, एकाच परिच्छेदात दोन पद्धती आल्या तरी हरकत नाही. मसुदा नीटस दिसावा म्हणून एकाच्या तोंडी दुसऱ्याचा शब्द घालणे ही पहिली आणि अगदी टाळण्याजोगी चूक असते.

आता त्या वडिलांकडे वळते. 'दुसऱ्यांचे झेंडे' हे त्यांचे वाक्य तुम्हाला टोचले असेल, पण पालकांची चळवळ हीसुद्धा एक चळवळच आहे, आणि आपल्या चळवळीचे सर्वांत जुने, सर्वांत अवघड नाते तिच्याशीच आहे. १९६२ साली ब्रिटनमध्ये आणि १९६५ साली अमेरिकेत पालकांनी पहिल्या संघटना बांधल्या, तेव्हा त्यांना सांगितले जात होते की मूल असे झाले ते आईच्या थंडपणामुळे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली या समजाला मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोचवले. त्या दोषारोपातून पालक स्वतःच्या बळावर बाहेर पडले. पुढे त्यांतील काही संघटना मुलांच्या वतीने, मुलांना न विचारता बोलू लागल्या आणि तिथून आपले भांडण सुरू झाले. ते भांडण खरे आहे. पण या गृहस्थांना आपल्या मुलाविषयी जी भीती वाटते तीही खरी आहे. संघटनांच्या व्यासपीठावर बोलता येणारे, टाय बांधता येणारे, समितीत बसता येणारे ऑटिस्टिक लोक दिसतात. त्यांचा मुलगा दिसत नाही. चळवळीने दुसऱ्यांशी नाती जोडली की तो आणखी मागे पडेल, असे त्यांना वाटले तर त्यात आश्चर्य काय?

म्हणून कुठल्याही संयुक्त कामाला मी एकच कसोटी लावते आणि ती आपल्यालाही सुचवते: जो माणूस बैठकीत येऊन बोलू शकत नाही, त्याच्या दिवसात या कामाने काय बदलेल? हे निवेदन त्या कसोटीला उतरते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत ऑटिस्टिक आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या अंगावर यंत्र बांधून, वागणूक सुधारण्यासाठी म्हणून त्यांच्या कातडीला विजेचे झटके देण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या यंत्रांवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कायदेमंडळाने कायद्यात बदल करून प्रशासनाला तसा अधिकार आहे हे स्पष्ट केले. या लढ्यात ऑटिस्टिक संघटना एकट्या नव्हत्या. २०१८ साली 'अडॅप्ट' या अपंग हक्क संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, ज्यांत व्हीलचेअर वापरणारे पुष्कळ असतात, थेट त्या प्रशासनाच्या आयुक्तांच्या घरासमोर तळ ठोकला. झटके बसत होते ते कुणाच्या मुलांना? आपले दुखणे सांगणे ज्यांना अवघड जाते अशांनाही. त्या वडिलांच्या मुलासारख्यांसाठी रस्त्यावर बसलेल्या त्या माणसांतली अनेक जण त्यांच्या मुलाच्या निदानाची नव्हती.

पारलिंगी सभासदाचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि त्यावर मी कुठलीही सौदेबाजी सुचवणार नाही. तिच्याबाबतीत हा दुसऱ्या चळवळीशी नाते जोडण्याचा प्रश्नच नाही. ती आपली सभासद आहे आणि ती अख्खी आहे. २०२० साली सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी स्वतःची ओळख न जुळणाऱ्या व्यक्ती इतरांच्या तुलनेत सुमारे तीन ते सहा पट अधिक प्रमाणात ऑटिस्टिक आढळल्या. म्हणजे हे दोन वर्ग शेजारी नाहीत, एकमेकांत गुंतलेले आहेत. 'तू ऑटिस्टिक आहेस, म्हणून तुला तुझे लिंग कळत नाही' हे वाक्य अशा माणसांना ऐकवले जाते, आणि ते ऐकवणारा एकाच वेळी दोन्ही चळवळींचा अपमान करत असतो. पुढच्या बैठकीत, मतदानाच्या आधी, चिटणीस या नात्याने आपण एवढे नोंदवून घ्या की गटातील कुणीही आपली कुठलीही ओळख दाराबाहेर ठेवून यावी अशी अपेक्षा नाही, आणि यावर मतदान होणार नाही. वर्णाने वेगळ्या ऑटिस्टिक लेखकांनी २०१७ साली आपले लेखन एकत्र करून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचीही चळवळीविरुद्ध तक्रार हीच होती: गोऱ्या, मध्यमवर्गीय माणसाच्या ऑटिझमलाच 'केवळ ऑटिझम' समजले जाते आणि बाकी सगळ्यांचा ऑटिझम 'दुसऱ्या चळवळीचा विषय' ठरतो.

सोबत म्हणजे काय, हे मला पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा एका जुन्या प्रसंगातून अधिक कळले. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शंभराहून अधिक अपंग माणसे एका सरकारी इमारतीत शिरली आणि तिथेच बसून राहिली. १९७३ च्या कायद्यातील भेदभावबंदीचे कलम कागदावर पडून होते, त्याचे नियम मंजूर करा, एवढीच त्यांची मागणी. ज्यांना रात्री कूस बदलायलाही मदत लागते अशी माणसे त्या फरशीवर झोपत होती. फोन तोडले गेले तेव्हा आतल्या कर्णबधिर कार्यकर्त्यांनी खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप दिले. आणि रोज गरम जेवण घेऊन येत होते ते कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते. आत बसलेल्यांत त्यांचा एक सहकारी होता, ब्रॅड लोमॅक्स, जो स्वतः व्हीलचेअर वापरत असे. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. आमचे दुःख तुमच्यासारखेच आहे, हे त्या जेवण आणणाऱ्यांना सिद्ध करावे लागले नाही, आणि जेवणाऱ्यांनाही नाही. त्यांच्यातला एक माणूस आत होता आणि आतल्यांना भूक लागत होती.

आपल्या गटासाठी यातून मला एक अतिशय व्यावहारिक अट दिसते. सोबत करणाऱ्याने आपली पद्धत थोडी बदलली पाहिजे. संयुक्त बैठका जर दणदणीत आवाजाच्या, लखलखत्या दिव्यांच्या सभागृहात, आयत्या वेळी बदललेल्या कार्यक्रमपत्रिकेवर होणार असतील, तर आपले सभासद एक-एक करून गळतील आणि निवेदनावर नाव राहूनही आपण तिथे नसू. म्हणून सहीच्या आधीच लिहून मागा: विषयपत्रिका काही दिवस आधी मिळावी, लेखी किंवा टंकलेले मत बोलल्याइतकेच ग्राह्य धरावे, शेजारी शांत खोली असावी, आणि जमल्यास रंगीत बिल्ले ठेवावेत. बिल्ल्यांची पद्धत ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनलने आपल्या निवासी मेळाव्यांत रुळवलेली आहे; लाल बिल्ला लावलेल्याशी कुणी आपणहून बोलायला जायचे नसते, पिवळा लावलेल्याशी केवळ ओळखीच्यांनी बोलावे आणि हिरवा लावलेल्याला कुणीतरी येऊन बोलावे असे वाटत असते. तुमच्याकडून त्यांना काय हवे आहे हेही तितक्याच मोकळेपणाने विचारा; बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संघटनेला मसुदा सोप्या भाषेत हवा असेल, आणि तो आपल्यालाही उपयोगी पडेल. ज्यांना अशा विनंत्यांचा त्रास होतो, त्यांची सोबत फार दूर जाणार नाही, हे तेव्हाच कळलेले बरे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. सतरा जणांपैकी प्रत्यक्ष काम किती जण करतात? तीनच करत असतील आणि ते तिघेही थकलेले असतील, तर केवळ सही करा आणि पुढच्या बैठकांना येणार नाही असे स्वच्छ कळवा. शक्ती नाही म्हणून दिलेला नकार हा सन्मानाचा नकार असतो. भीतीपोटी, 'त्यांच्याबरोबर दिसलो तर लोक काय म्हणतील' म्हणून दिलेला नकार तसा नसतो, आणि गटाने या दोहोंची गल्लत करू नये. ज्यांचे मत विरुद्ध पडेल त्यांची नावे नव्हे, पण त्यांचे म्हणणे इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत घ्या. 'आपण अपंग नाही' म्हणणाऱ्या सभासदालाही त्याचे वाक्य वाचून दाखवा आणि बरोबर लिहिले आहे का ते विचारा.

फोनबद्दल विचारले आहे. फोन जरूर करा, पण त्यांना परत बैठकीला बोलावण्यासाठी नको, आणि त्यांचे मत बदलण्यासाठी तर मुळीच नको. त्यांना विचारा की त्यांच्या मुलावर आजवर कधी, कुठे, कोणती सक्ती झाली. मुलगा चित्रफलक, टॅबलेट किंवा खुणा यांपैकी काही वापरत असेल, तर त्याला स्वतःला निवेदनात काही सांगायचे आहे का, हेही विचारा, आणि त्यासाठी एक आठवडा लागला तरी थांबा. त्याचे जे काही उत्तर येईल, मग तो एक शब्द असो की एक चित्र, ते आपल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवा. उत्तर आले नाही तर तेही वडिलांना तसेच सांगा, आणि मसुदा बाकीच्या तिघांकडे पाठवण्याआधी त्यांच्याकडे पाठवा.